शस्त्रक्रियागृहातील नवपदवीधर परिचारिका : जुळवून घेण्याचा काळ

इंदूर हे मध्य प्रदेशातील वैद्यकीय शिक्षणाचे महत्त्वाचे केंद्र आहे. महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय (१९४८) आणि त्याला संलग्न महाराजा यशवंतराव रुग्णालय यांखेरीज शहरात अनेक खासगी रुग्णालये व परिचर्या महाविद्यालये आहेत. अशा शहरात चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी घेतलेली मुलगी शस्त्रक्रियागृहात रुजू होते, तेव्हा तिच्यापुढे कोणत्या अडचणी येतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अडचणींचे स्वरूप

वॉर्डातील परिचारिका रुग्णाशी बोलते, त्याच्या नातेवाइकांना धीर देते. शस्त्रक्रियागृहात रुग्ण बहुधा बेशुद्ध असतो. तेथे स्क्रब नर्स निर्जंतुक हातांनी शल्यविशारदाला अवजारे देते, तर सर्क्युलेटिंग नर्स बाहेरून साहित्य पुरवते व नोंदी ठेवते. अवजारांची नावे पाठ असणे वेगळे आणि मागितल्याबरोबर नेमके अवजार हातात देणे वेगळे. त्यातच तासन्‌तास उभे राहणे आणि वरिष्ठांचा धाक यांची भर पडते.

मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये शिक्षण व प्रत्यक्ष नोकरी यांतील या दरीला 'वास्तवाचा धक्का' म्हटले. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्या ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. पदवी हातात पडली म्हणजे परिचारिका निष्णात झाली असे होत नाही, हा त्यातील मुख्य बोध होय.

मौनाची किंमत

शस्त्रक्रियेपूर्वी, पोकळी बंद करण्यापूर्वी आणि त्वचा शिवताना गॉज, मॉप व सुया मोजल्या जातात. मोजणीत एक मॉप कमी भरला आणि नवी परिचारिका भीतीपोटी गप्प राहिली, तर तो रुग्णाच्या पोटात राहू शकतो. म्हणून "मोजणी जुळत नाही" हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य हेही कौशल्यच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासणी-सूची दिली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी ती वाचली जाते. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे आढळले. या सूचीत परिचारिकेलाही बोलण्याची ठरलेली जागा आहे. त्यामुळे धाकाचे ओझे काहीसे हलके होते.

शिक्षकांसाठी

१. अवजारे केवळ चित्रांतून न शिकवता ट्रॉली मांडण्याचा व मोजणीचा सराव वर्गातच घ्यावा.
२. मुद्दाम चुकीची मोजणी देऊन विद्यार्थिनीला ती मोठ्याने सांगायला लावावी.
३. निर्जंतुकता भंगल्याचे स्वतःहून सांगणाऱ्या विद्यार्थिनीला रागावू नये. तिचे कौतुक करावे.
४. रुजू झाल्यावर पहिले काही महिने एकाच अनुभवी परिचारिकेचे मार्गदर्शन मिळावे, यासाठी महाविद्यालयाने रुग्णालयाशी संवाद ठेवावा.

समारोप

नवी परिचारिका चुकते ती बहुधा अज्ञानामुळे नव्हे, तर विचारण्याच्या संकोचामुळे. हा संकोच वर्गातच दूर झाला, तर त्याचा लाभ टेबलावरील रुग्णाला मिळतो. त्या वेळी तो स्वतःसाठी काहीच बोलू शकत नसतो.