उलटी यादी, उलगडून आणि घडी घालून

प्रोलॉगमध्ये यादी उलटी करायचा सगळ्यात साधा प्रोग्राम दोन ओळींचा:

उलट([], []).
उलट([प|श], उ) :- उलट(श, म), जोड(म, [प], उ).

रिकामी यादी उलटली तरी रिकामीच. एरवी पहिला घटक ‘प’ बाजूला ठेवायचा, शेष यादी उलटायची आणि तिच्या शेपटाला ‘प’ जोडायचा. ‘जोड’ पहिल्या यादीमागे दुसरी लावून तिसरी देतो. वाचताक्षणी पटतं, पण चालतं रेंगाळत. शेवटी एक घटक जोडायला ‘जोड’ला दर वेळी अख्खी यादी चालून जावी लागते, ३० घटकांना ४९६ पायऱ्या पडतात.

जलद प्रोग्राम अंदाजाने लिहून चुका शोधत बसायची गरज नाही. तो याच ओळींतून काढता येतो: नावाच्या जागी त्याची व्याख्या ठेवायची, म्हणजे उलगडायचं, आणि व्याख्येच्या जागी नाव ठेवायचं, म्हणजे घडी घालायची. उलगडणं आणि घडी घालणं ही रीत बर्स्टॉल आणि डार्लिंग्टन यांनी १९७७ मध्ये फंक्शनांसाठी मांडली. १९८४ मध्ये तामाकी आणि सातो यांनी ती लॉजिक प्रोग्रामांना लावली.

आधी नवी व्याख्या:

फिरव(य, स, उ) :- उलट(य, म), जोड(म, स, उ).

म्हणजे ‘य’ उलटा आणि तिच्यामागे ‘स’ लावा. ही व्याख्या सुचणं हेच खरं अवघड, त्याला नियम नाही. पुढचा सगळा हिशेब.

आता ‘उलट’ उलगडू. ‘य’ रिकामी असेल तर उरतं:

फिरव([], स, स).

नसेल तर उजवीकडे येतं:

उलट(श, न), जोड(न, [प], म), जोड(म, स, उ).

आधी ‘न’ला ‘प’ जोडून मग ‘स’ जोडा, की ‘प’ आणि ‘स’ आधीच एकत्र करून ‘न’मागे लावा, उत्तर एकच. प्रोग्राममध्ये हे कुठेही लिहिलेलं नाही, वेगळं सिद्ध करावं लागतं. मग उरतं:

उलट(श, न), जोड(न, [प|स], उ).

ही तर ‘फिरव’चीच व्याख्या! घडी घाला:

फिरव([प|श], स, उ) :- फिरव(श, [प|स], उ).

‘जोड’ गायब. उलटी यादी हवी तर फिरव(य, [], उ) विचारायचं. ३० घटकांना ३१ पायऱ्या.

घडीत एक खोच आहे. काहीच न उलगडता व्याख्येची घडी तिच्यावरच घातली तर मिळतं:

फिरव(य, स, उ) :- फिरव(य, स, उ).

तर्काने यात खोटं काही नाही, पण उत्तर कधीच येणार नाही. म्हणून तामाकी-सातोंची अट: नव्या व्याख्येचं वाक्य घडीआधी एकदा तरी उलगडलेलं हवं. ‘जोड’च्या क्रमाच्या मधल्या अदलाबदलीलाही त्यांची अट आहे, सिद्धता लांबता कामा नये. या पाळल्या तर उत्तरं तीच राहतात. वेगाची हमी मात्र त्यात नाही.