टॉनिक नको, मांडीवर पुस्तक घ्या

काही महिन्यांपूर्वी चिंचणीतीलच एक आई आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. "डॉक्टर, हा अजून बोलत नाही. जीभ सुटायला एखादं टॉनिक द्या," असे तिचे म्हणणे होते. मूल चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नव्हते. प्रथम त्याची श्रवणचाचणी करून घेतली. ऐकू उत्तम येत होते. चौकशी केली तेव्हा कळले, की वडील पाळीवर कामाला, आई घरकामात आणि मुलाच्या हाती दिवसभर मोबाइल.

बोलायला शिकवणारे टॉनिक अजून निघालेले नाही. मूल भाषा शिकते ते आपल्याशी बोलणाऱ्या माणसाकडून. पहिल्या पाच वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. मोबाइल बोलतो खरा, पण मुलाच्या बोलण्याला हुंकार देत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की दोन वर्षांच्या आत मुलाला पडद्यासमोर बसवू नये आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको.

मी त्या आईला रोज दहा मिनिटे पुस्तक वाचून दाखवायला सांगितले. ती संकोचून म्हणाली, "मला कुठं नीट वाचता येतं?" वाचकहो, त्याची गरज नाही! चित्रे तर पाहता येतात? मुलाला मांडीवर घ्या. चित्रावर बोट ठेवून "हे काय?" असे विचारा आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबा. मूल "होडी" म्हणाले, तर "हो, मोठी होडी. होडीत कोण बसलंय?" असे म्हणून त्याचे वाक्य वाढवा. चुकले तर रागावू नका. तेच पुस्तक पुन्हा मागितले तर कंटाळू नका. पुनरावृत्तीतूनच शब्द पक्के होतात. अक्षरे गिरवून घेण्याची घाई मुळीच नको. घरात मांगेली, वाडवळी, वारली, जी बोली असेल तीच बोला. पुस्तक नसेल तर जुने कॅलेंडर किंवा हे वर्तमानपत्रही चालेल.

यात नवे काहीच नाही. आपल्याच डहाणू तालुक्यात, बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातील मुलांना शंख-शिंपले, पाने, बिया अशा सहज मिळणाऱ्या वस्तूंतून आणि गाणी-गोष्टींतून शिकवले. मुलांच्या शिक्षणाला पैसा नव्हे, माणूस लागतो, हे त्यांनी दाखवून दिले.

चार महिन्यांनी ते मूल पुन्हा आले, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणाले, "आई, गाय बसली!" आईचे डोळे भरून आले.

मात्र एक इशारा. सगळीच मुले एवढ्याने बोलू लागत नाहीत. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर पाहत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर "बापही उशिराच बोलला होता" म्हणून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, कान तपासून घ्या. आणि तपासणी होईपर्यंतही रात्रीची ती दहा मिनिटे चुकवू नका.