दोन पाट्यांमधले बाबा

उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे झुकू लागला की रामदासपेठेतील कुटुंबवत्सल गृहस्थांचे जलतरण तलावांकडे प्रस्थान सुरू होते. आणि तेथे ‘पुरुष’ व ‘महिला’ या दोन पाट्यांच्या मध्ये, सहा-सात वर्षांच्या कन्येचा हात धरून उभ्या राहिलेल्या पित्याची जी अवस्था होते, ती नातवंडांच्या निमित्ताने बाकावर बसून मी पुष्कळ न्याहाळली आहे.

मुलाला घेऊन आलेल्या आईचे त्या मानाने निभावते. बारा वर्षांखालील मुलाला महिलांच्या डब्यात बसण्याची मुभा रेल्वेनेही दिलेली असून, तीच सवलत येथे न बोलता चालू राहते. फक्त एखाद्या दिवशी आतली एखादी किशोरी टॉवेल छातीशी घट्ट धरते आणि आई काय ते उमजते. बापाला असा पूर्वीचा दाखला नाही. मुलीला पुरुषांकडे न्यावे तर उघड्याबागड्या ओलेत्या मंडळींची गर्दी, एकटीला आत धाडावे तर जीव टांगणीला.

मुरब्बी बाप पोहण्याचा पोशाख घरूनच फ्रॉकखाली घालून आणतात. खरी कसोटी परतीची, कारण तेव्हा ओले कापड अंगाला चिकटलेले आणि बोटे गारठलेली असतात. एक तरुण बाप महिला कक्षाच्या दाराकडे पाठ करून उभा राही आणि बोलणे तुटू देत नसे: “आधी टॉवेल खांद्यावर घे. मग पट्टा काढ.” आतून उत्तर येई, “बाबा, मागचं बटन लागून नाही राहिलं!” फरशी पुसणाऱ्या मावशी पुढे सरसावल्या, तेव्हा त्याने त्यांना थांबवले नाही, पण परवानगी मात्र मुलीकडे मागितली: “मावशींनी लावलं तर चालेल का गं?” क्षणभर शांतता, मग “हो”. बटण लागले. हे विचारणे मला त्या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचे वाटले.

वयाचा दंडक घालून हा प्रश्न सुटतो असे मानणारेही आहेत. टोकियोने 2022 मध्ये सार्वजनिक स्नानगृहांतील मिश्र स्नानाची वयोमर्यादा 10 वरून 7 वर आणली. पण दंडकाने सातव्या वाढदिवशी कुणाला मागचे बटण लावता येऊ लागत नाही. आमच्या तलावावर ट्यूब आणि फळ्या कोंबलेली एक कोठी आहे. ती रिकामी करून आतून कडी बसवली, तर बापलेकींना कपडे बदलण्यापुरती तजवीज सहज होईल.