गिलानुपट्ठान : दीर्घ आजार आणि कुटुंब

मुळशी तालुक्यातील भुकूमसारख्या गावात घरातील कोणास मधुमेह वा पक्षाघात जडला, म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. दुखणे का आले, आणि आता रोग्याचे करावयाचे कोणी? पहिल्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : मागील जन्मीचे भोग. या उत्तराने रोग्याच्या वेदनेत अपराधभावाची भर पडते आणि पथ्य-औषधांची निकड मात्र उणावते.

संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात हाच प्रश्न आला आहे. सर्व सुखदुःख पूर्वकर्मानेच घडते काय, असे मोळियसीवक परिव्राजक विचारतो. तथागत हे मत अमान्य करतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे ते सांगतात. म्हणजे कर्मविपाक हे आठांपैकी एक कारण होय, एकमेव नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकातील महावग्गात सापडते. अतिसाराने पीडित एक भिक्खू मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वहस्ते स्नान घातले आणि परस्परांची शुश्रूषा हे संघाचे कर्तव्य ठरविले. कमावते हात थांबले की रोगी अडगळ ठरतो, अशा घरांनी ही कथा अवश्य स्मरावी.

तेथेच उभयतांची कर्तव्ये सांगितली आहेत. रोग्याने पथ्य पाळावे, त्यातही मात्रा जाणावी, औषध घ्यावे, दुखण्याची खरी स्थिती सांगावी, वेदना सोसावी. शुश्रूषा करणाऱ्याने औषधाची सिद्धता करावी, पथ्यापथ्य जाणावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस बाळगू नये आणि धम्मकथेने धीर द्यावा.

आधुनिक काळातील उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. मधुमेहाने त्यांची प्रकृती ढासळली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्याच पुढे सविता आंबेडकर. आहार व औषधोपचार त्यांनी सांभाळले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपले आयुष्य वाढविल्याचे श्रेय पत्नी आणि डॉ. मालवणकर यांना दिले आहे.

मधुमेहासारखा आजार पुष्कळदा आयुष्यभर राहतो. त्याचा सर्व भार घरातील एका स्त्रीवर टाकणे हे गिलानुपट्ठान नव्हे. तो घराने वाटून घ्यावा; रोग्यानेही आपला वाटा उचलावा.