सात माणसांची गाडी आणि मागे छोटा कॅम्पर : घेण्याआधी चार आकडे वाचा

जुलै संपत आला, शाळांना सुट्ट्या लागल्या की ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी घरांत एकच चर्चा सुरू होते, यंदा जायचे कुठे? घरात अब्बा-अम्मी, आम्ही दोघे आणि तीन मुले. सात माणसांना हॉटेलच्या तीन खोल्या लागतात, आणि जेवणाचा प्रश्न वेगळाच. म्हणून अलीकडे अनेक घरे गाडीमागे जोडायच्या छोट्या कॅम्परकडे वळली आहेत. स्वतःचा चुलाणा, वुजूला पाणी, नमाजला स्वच्छ जागा आणि मुलांना मोकळे मैदान. खर्चही आटोक्यात राहतो.

पण कॅम्पर घेणे सोपे, तो ओढणारी गाडी निवडणे अवघड. आम्ही ती निवड एकदा चुकलो. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो आहोत.

आमचे काय चुकले

आमच्याकडे तेव्हा एक जुनी सातसीटर होती. नात्यातल्या एकांनी त्यांचा छोटा कॅरव्हॅन आठवडाभरासाठी दिला. गाडी विकणाऱ्याला विचारले होते, तो म्हणाला, ‘तेराशे किलो? आरामात ओढेल.’ आम्ही विश्वास ठेवला. तांदळाचे पोते, मोठी डेगची, गॅस, खुर्च्या, तंबू, सगळे कॅरव्हॅनच्या मागच्या कप्प्यात कोंबले आणि डेव्हनच्या दिशेने एम-५ मोटारवेला लागलो.

एका लांब उतारावर शेजारून मोठा ट्रक गेला आणि मागचा कॅरव्हॅन डावीकडे-उजवीकडे झुलू लागला. प्रत्येक झोक्यासरशी गाडीचे शेपूटही ओढले जात होते. मुले ओरडली. पाय आपसूक ब्रेककडे निघाला होता. अब्बांनी उमेदीची वर्षे चिपळूण-कराड मार्गावर ट्रक चालवला आहे. ते शेजारच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, ‘ब्रेक मारू नको. ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर.’ वेग उतरला तसा झोका थांबला. अल्लाहचे शुक्र, कुणाला ओरखडाही आला नाही.

घरी परतताना वजनकाट्यावर गेलो. माणसे आणि सामान धरून गाडी २,१२० किलो, कॅरव्हॅन १,४२० किलो. जोडीचे मिळून ३,५४० किलो. आमच्या गाडीला परवानगी होती ३,५०० ची, आणि कॅरव्हॅनची स्वतःची मर्यादा होती १,३०० ची. म्हणजे दोन्हीकडून आम्ही हद्द ओलांडली होती. विकणाऱ्याच्या शब्दावर गेलो, गाडीवर लिहिलेले वाचले नाही.

गाडीवरची पट्टी काय सांगते

प्रत्येक गाडीवर, बहुधा दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली, वजनांची पट्टी असते. तिच्यावर साधारणपणे चार आकडे एकाखाली एक असतात. पहिला म्हणजे माणसे आणि सामान धरून भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दुसरा म्हणजे गाडी आणि मागची गाडी मिळून कमाल वजन. तिसरा आणि चौथा म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरचा कमाल भार.

दुसऱ्यातून पहिला वजा करा. पूर्ण भरलेली गाडी किती ओढू शकते ते उत्तर मिळते. आमच्या गाडीचे आकडे २,३५० आणि ३,५०० होते, म्हणजे उत्तर १,१५० किलो. दुसरा आकडा पट्टीवर नसेलच, तर ती गाडी बहुधा ओढण्यासाठी मंजूर नाही असे समजा आणि कंपनीकडून खात्री करून घ्या. काही हायब्रिड गाड्यांची हीच गत आहे. टॅक्सीसाठी उत्तम, पण मागे काही जोडायचे तर बाद. गाडीच्या नोंदणीपत्रावरही ओढण्याची मर्यादा दिलेली असते, ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळी.

पंच्याऐंशी टक्क्यांचा नियम, आणि त्याची मर्यादा

कॅरव्हॅनवाल्यांत एक सल्ला सगळे देतात. नवशिक्याने रिकाम्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड कॅम्पर जोडू नये, आणि अनुभवी माणसानेही गाडीच्या वजनापुढे जाऊ नये. हा कायदा नाही, शहाणपण आहे. ओढणारा जड असेल तर मागचा त्याला हलवू शकत नाही.

पण एवढ्यावर भागत नाही. आमची रिकामी गाडी १,७०० किलोची. तिचे ८५ टक्के १,४४५. त्या हिशोबाने तेराशेचा कॅरव्हॅन अगदी योग्य ठरतो! पट्टी मात्र पूर्ण भरलेल्या गाडीला १,१५० च देते. हा फरक दोघांच्या कुटुंबाला फारसा जाणवणार नाही, कारण त्यांची गाडी कधी भरतच नाही. आपल्याकडे सातही सीटा भरतात. म्हणून दोन्ही हिशोब करा आणि जो आकडा लहान तो धरा.

हुकावरचा भार

कॅम्परचे पुढचे टोक गाडीच्या हुकावर जो भार टाकते, तो कॅम्परच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. हजार किलोच्या कॅम्परला ५० ते ७० किलो. फार कमी असेल तर कॅम्पर झुलतो, फार जास्त असेल तर गाडीचे नाक वर उचलले जाते. हुकाची आणि गाडीची या भारासाठी स्वतःची मर्यादा असते, तीही ओलांडायची नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की हा भार गाडीच्या वजनात मोजला जातो. म्हणजे सातवा माणूस बसल्यावर हुकावर जणू आठवा माणूस बसलेला असतो. तिसऱ्या रांगेत माणसे आणि हुकावर भार, असे दोन्ही आले की मागचा ॲक्सल सर्वांत आधी थकतो. पट्टीवरचा चौथा आकडा त्यासाठीच आहे.

सामान भरताना जड वस्तू कॅम्परच्या चाकांच्या वर आणि खाली जमिनीलगत ठेवा. डेगची आणि तांदूळ तिथे, चादरी आणि कपडे टोकांना. पाण्याचे पिंप भरून नेऊ नका. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, आणि कॅम्पिंगच्या जागी नळ असतोच.

गाडी कशी निवडावी

आधी माणसे मोजा, मग कॅम्पर ठरवा, शेवटी गाडी. उलटे केले की फसगत होते.

तीन लहान मुले असतील तर मधल्या रांगेत तीन स्वतंत्र सीटा हव्यात. इथे मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर, बालआसन सक्तीचे आहे. फोक्सवॅगन टूरान, प्यूजो ५००८, सेआट अल्हाम्ब्रा आणि फोक्सवॅगन शरान या गाड्यांत अशी सोय मिळते. अल्हाम्ब्रा आणि शरानची मागची दारे सरकती आहेत. गुडघे दुखणाऱ्या दादीला ती फार सोयीची. एकाच नावाच्या गाडीची ओढण्याची ताकद इंजिन आणि गिअरबॉक्सप्रमाणे बदलते, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

डिझेल कमी फेऱ्यांतच जोर देते, म्हणून ओढायला अजूनही सोयीचे. पण लंडनमध्ये राहत असाल किंवा तिथे ये-जा असेल तर सांभाळून. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये प्रदूषण क्षेत्राचा नियम लागू आहे. युरो ६ पेक्षा जुन्या डिझेलला आणि युरो ४ पेक्षा जुन्या पेट्रोल गाडीला रोजचे साडेबारा पौंड भरावे लागतात. सप्टेंबर २०१५ नंतर नोंदलेल्या डिझेल गाड्या बहुतेक युरो ६ असतात. विजेच्या गाड्यांत जोर भरपूर, पण कॅम्पर मागे असताना एका चार्जवरचे अंतर जवळपास निम्मे होऊ शकते, आणि चार्जिंगच्या जागेत शिरण्यासाठी अनेकदा कॅम्पर सोडून बाजूला लावावा लागतो.

व्याजाचे कर्ज नको म्हणून आपल्यातली बरीच घरे रोखीने जुनी गाडी घेतात. त्यात वावगे काही नाही. फक्त आधी एमओटी तपासणीचा इतिहास पाहा, गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तो फुकट दिसतो. हुक आधीच बसवलेला असेल तर गंज, वायरिंग आणि क्लच नीट तपासून घ्या. हुक मंजुरीचा शिक्का असलेलाच हवा, आणि तो बसवल्याचे विमा कंपनीला कळवा.

छोटा म्हणजे किती छोटा?

घडीचे कॅम्पर, म्हणजे रस्त्यावर बुटके आणि मुक्कामी उघडून तंबूसारखे होणारे, बहुतेक ७५० ते १,००० किलोंत बसतात. वारा कमी अडवतात, आरशातून मागचे दिसते. ७५० किलोंच्या वर कमाल वजन असलेल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे सक्तीचे आहे. मुलांसाठी शेजारी वेगळा तंबू टाकता येतो. सातही जण एका छताखाली झोपलेच पाहिजेत असा हट्ट धरला की कॅम्पर मोठा होतो, आणि मग गाडीही.

कायदा थोडक्यात

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणून सराव नको असे नाही. एखाद्या रिकाम्या मैदानात रिव्हर्स घेऊन पाहा.

वेगमर्यादा मोटारवेवर आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर ताशी ६० मैल, साध्या एकेरी रस्त्यावर ५०. तीन किंवा अधिक लेनच्या मोटारवेवर सर्वांत उजवी लेन वर्ज्य. कॅम्पर गाडीपेक्षा रुंद असेल तर जादा आरसे लावा. मागे गाडीचाच नंबर हवा. आणि चालत्या कॅम्परमध्ये कुणीही बसायचे नाही, झोपलेले मूलसुद्धा नाही.

उतार लागण्याआधीच वेग कमी करा आणि खालचा गिअर टाका. ‘ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरायचा,’ असे अब्बा म्हणतात. कुंभार्ली घाटात शिकलेले डेव्हनच्या उतारावरही चालते.

यंदा आम्ही ८५० किलोंचा घडीचा कॅम्पर घेतला. गाडी तीच, जुनीच. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे भरून वजनकाट्यावर नेतो, आणि आकडा जास्त आला तर काय उतरवायचे ते अम्मी ठरवतात. डेगची मात्र अजून एकदाही उतरलेली नाही.