उसाच्या पेशीतला सहकार



लासलगाव परिसरात कांदा आणि ऊस ही दोन्ही पिके घराघरांत परिचयाची. बाजार समितीत आज काय भाव फुटला हे शाळेत जाणारे पोरही सांगेल. परंतु या दोन पिकांची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याची सारी कुंडली रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. माणसाची कुंडली सुमारे ३ अब्ज अक्षरांची, उसाची सुमारे १० अब्ज आणि कांद्याची सुमारे १६ अब्ज! म्हणजे या बाबतीत आपला कांदा आपल्यापेक्षा पाचपट मोठा.

एखादा सभासद लगेच म्हणेल, "अहो, अक्षरं मोजून एकरी टनेज वाढतं का?" रास्त प्रश्न आहे. त्याचेच उत्तर देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

हुकूम आणि कामगार

उसाच्या मुळात, पानात आणि डोळ्यात कुंडली एकच असते. तरी पान हिरवे होते आणि कांडे गोड होते, ते कसे? आपल्या कारखान्याकडेच पाहा. हंगामात गव्हाण, मिल, बॉयलर, पॅन सारे चालू असते. पावसाळ्यात तीच यंत्रे थंड असतात आणि फिटर मंडळींची दुरुस्ती चालू असते. कारखाना तोच, काम निराळे. पेशीतही सगळी जनुके एकाच वेळी चालू नसतात. पाण्याचा ताण पडला की काही जागी होतात, काही गप्प बसतात. यालाच शास्त्रज्ञ जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

जनुक हा हुकूम, तर प्रथिने हे कामगार. आणि कामगार कधी एकटा काम करीत नाही. एक प्रथिन दुसऱ्याला चिकटते, दुसरे तिसऱ्याला जागे करते. कोणाचा कोणाशी संबंध आहे याचा नकाशा काढला की जाळे तयार होते. हजारो प्रथिनांचे हे जाळे हाताने काढणे अशक्य, म्हणून संगणक लागतो. जीवशास्त्र आणि संगणक यांच्या या जोडशास्त्राला जैवमाहितीशास्त्र म्हणतात.

असे पहिले मोठे नकाशे ज्या जीवाचे निघाले तो आपल्या ओळखीचाच आहे. मळीपासून अल्कोहोल करणारे यीस्ट! त्याची सुमारे ६,००० जनुकांची कुंडली १९९६ साली पूर्ण वाचली गेली. २००० साली त्याच्या प्रथिनांच्या जाळ्याचा मोठा नकाशा प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी असे दिसून आले की, ज्या प्रथिनाचे संबंध पुष्कळ, ते काढून टाकल्यास यीस्ट मरण्याचा संभव जास्त. हे आपल्याला नवे नाही. कोपऱ्यातला एखादा पंखा बंद पडला तर गाळप थांबत नाही. गव्हाण बंद पडली की मिल थांबते आणि यार्डात गाड्यांची रांग लागते.

तांबेऱ्याचा शोध

आता उसाकडे वळू. कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ सालची. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड उसाचा रानटी उसाशी संकर करून काटक वाण काढले. त्या संकरामुळे आजच्या उसात शंभराहून अधिक गुणसूत्रे आहेत. त्यामुळे त्याची कुंडली वाचणे अतिशय बिकट. रियुनियन बेटावरील आर ५७० या वाणाची सविस्तर कुंडली मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तांबेरा रोगाला अटकाव करणाऱ्या ब्रू-१ या ठिकाणी शेजारी-शेजारी असलेल्या दोन जनुकांवर शास्त्रज्ञांचे बोट पोचले.

याचा उपयोग काय? नवा वाण शेतकऱ्याच्या हाती यायला दहा-बारा वर्षे लागतात. रोगाला आवरणाऱ्या जनुकाची खूण ठाऊक असली, तर कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासून नालायक रोपे आधीच बाजूला काढता येतात. मात्र संगणकाच्या नकाशावरची रेघ म्हणजे तर्क. तिची परीक्षा प्रयोगशाळेत आणि शेवटी शेतातच व्हायची.

हे आपल्या दारात आलेच आहे

लासलगावचे भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' केंद्र २००२ साली उभे राहिले. तेथे गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कांद्याच्या कोंबातील पेशींचे विभाजन थांबते आणि कोंब फुटत नाही. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ सालीच सुरू झाले. तेथील कोळसकर व टोणगावकर यांनी १९९० साली, प्रथिनाचा कोणता भाग शरीराची संरक्षक यंत्रणा ओळखील, याचा अंदाज बांधण्याची रीत दिली. ती जगभर लसींच्या संशोधनात वापरली जाते. आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर १९७५ साली सहकारी साखर कारखानदारीतूनच उभी राहिलेली, आपली हक्काची संस्था.

धोक्याची घंटा

उत्तर प्रदेशात २००९ साली प्रसारित झालेला को ०२३८ हा वाण इतका गाजला की पुढे तेथील चार-पंचमांशाहून अधिक ऊस त्याच एका वाणाचा झाला. मग लाल कूज रोग शिरला आणि उभे फड वाळले. सगळी शेते एकाच कुंडलीची, म्हणून रोगाला एकच कुलूप तोडावे लागले. आपल्याकडेही को ८६०३२ वर मोठा भर आहे. वाण उत्तम आहे, पण सारी भिस्त एकावर ठेवणे शहाणपणाचे नाही.

म्हणून आमची सभासदांना कळकळीची विनंती आहे की, लागण करताना सर्व क्षेत्र एकाच वाणाखाली घेऊ नये. बेणे खात्रीच्या बेणेमळ्यातीलच घ्यावे. काणी किंवा लाल कूज दिसताच बेट मुळासकट काढून नष्ट करावे आणि शेतकी विभागाला त्याच दिवशी कळवावे. शेजाऱ्याच्या फडातला रोग उद्या आपल्या बांधावर येतो. पेशीतली प्रथिने एकमेकांच्या आधारानेच चालतात. आपले सहकारी क्षेत्रही तसेच चालते.