स्मरणदिन कोणत्या पंचांगाचा?

पुण्याच्या सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी केली. जुन्या मोडी कागदांचा आणि दफ्तरांचा संग्रह एवढीच या संस्थेची ओळख बहुतेकांना असते. परंतु महाराष्ट्रात आज जे ऐतिहासिक स्मरणदिन पाळले जातात, त्यांपैकी काहींच्या तारखा ठरवण्याचे, निदान त्यांवर कडाक्याने भांडण्याचे काम याच मंडळाच्या सभांतून आणि प्रकाशनांतून झाले. हे भांडण अपरिहार्य होते, कारण जुन्या कागदात तारीख असली तरी ती आजच्या दिनदर्शिकेतली नसते.

मराठेशाहीच्या कागदांत कालगणना निदान तीन प्रकारची आढळते. शालिवाहन शक आणि तिथी ही पहिली, हिजरी चांद्रवर्ष ही दुसरी आणि मृग नक्षत्राला म्हणजे जूनच्या प्रारंभी बदलणारे, महसुलाच्या सोयीचे सुहूर सन ही तिसरी. या गणनांचा एकमेकींशी आणि इसवी सनाशी मेळ घालणाऱ्या कोष्टकांना जंत्री म्हणतात, आणि संशोधकाच्या मेजावरून ती सहसा हलत नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो हा शाळेत शिकवला जाणारा हिशेबही वर्षभर चालत नाही. शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलते आणि इसवी सनाचे १ जानेवारीला, त्यामुळे माघ-फाल्गुनातल्या घटनेसाठी बहुधा ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ चा फाल्गुन १६२९ मध्ये नव्हे, तर १६३० मध्ये येतो.

हे उदाहरण अर्थातच शिवजन्माचे आहे. सातारच्या छत्रपतींच्या दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ या स्कॉटिश अधिकाऱ्याने मायदेशी परतल्यावर तीन खंडांत लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा दिला होता. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीसारखी जी देशी साधने त्या काळी हाताशी होती, त्यांतही शके १५४९ चा वैशाखच होता. मात्र ही बखर महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव भरला तो याच समजुतीच्या काळात. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली, म्हणजे घटनांची वर्षवार टिपणे, टिळकांच्याच हाती आली, आणि १९१६ मध्ये ती मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तिच्यात शिवजन्माची नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी होती.

एका टिपणावर परंपरा उलथवावी का, हा प्रश्न रास्त होता आणि तो बरीच वर्षे चालला. यदुनाथ सरकारांसारखे साक्षेपी इतिहासकार १६२७ च्या बाजूला राहिले. पण जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातील जन्मपत्रिका शकावलीशी जुळली, आणि महाराजांच्याच पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाचे शिवभारत हे संस्कृत काव्य तंजावरच्या ग्रंथसंग्रहातून सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रकाशात आणले, तेव्हा त्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली. कारीचे देशमुख, जोधपूरचा ज्योतिषी आणि दरबारचा कवी यांनी संगनमत केल्याचे कोणी सुचवलेले नाही. त्यामुळे १६३० चा पक्ष बळकट मानावा लागतो. तरीही समाजाने पुराव्याची वाट पाहिली नाही. ३ मे १९२७ रोजी, वैशाख शुद्ध द्वितीयेला, त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला आणि गो. स. सरदेसायांनी संपादिलेला स्मरणग्रंथही निघाला. दुसऱ्या पक्षाने १९३० मध्ये पुन्हा तीनशे वर्षे मोजली आणि पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने शिवाजी-निबंधावली प्रसिद्ध केली. एकाच पुरुषाची त्रिशताब्दी तीन वर्षांच्या अंतराने दोनदा झाली याचे हसू येईल, पण दोन्ही खेपांना उपयोगी ग्रंथ निघाले हे विसरता येत नाही. शासनाने १९६६ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीतही एकमत झाले नाही, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ पासून अधिकृत मानली जाऊ लागली.

इथे वाद मिटला असे वाटते, पण खरी मेख पुढेच आहे. १९ फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन गणनेची, म्हणजे ज्युलियस सीझरच्या काळापासून चालत आलेल्या जुन्या युरोपीय दिनदर्शिकेची आहे. या दिनदर्शिकेतील वर्ष ऋतुवर्षापेक्षा किंचित मोठे असल्याने साचत गेलेली चूक दूर करण्यासाठी पोप ग्रेगरी तेरावा याने १५८२ मध्ये दहा दिवस गाळले आणि आज सर्वत्र चालणारी ग्रेगोरियन गणना सुरू केली. कॅथलिक पोर्तुगालने ती लगेच स्वीकारली. प्रॉटेस्टंट ब्रिटनने मात्र १७५२ पर्यंत दाद दिली नाही. परिणामी सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतली तारीख सुरत-मुंबईच्या इंग्रज वखारींच्या तारखेपेक्षा दहा दिवस पुढे असे. रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनसाठी तो दिवस ६ जून १६७४ होता. गोव्यात त्याच दिवशी १६ जून होती. मराठ्यांच्या इतिहासात इंग्रजी साधनांचा वापर फार झाल्याने १७५२ पूर्वीच्या तारखा इंग्रजी पद्धतीने देण्याचा प्रघात पडला, आणि स्मरणदिनांनी तोच उचलला.

खुद्द ब्रिटनमध्येही हा घोळ कमी नव्हता. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, तर स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारी हा वर्षारंभ धरला होता. त्यामुळे पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद लंडनच्या कागदात ३० जानेवारी १६४८ ला होतो आणि एडिंबरोच्या कागदात १६४९ ला. शिवाजी महाराजांच्या पहिल्या सुरत-स्वारीच्या, म्हणजे जानेवारी १६६४ च्या, इंग्रजी पत्रांवर १६६३ दिसते ते याच कारणाने. जॅकोबाइट बंडाचा शेवट करणारी कलोडनची लढाई स्कॉटिश लोक १६ एप्रिलला स्मरतात. ती तारीखही जुन्या गणनेची असून आजच्या हिशेबाने १७४६ ची ती लढाई २७ एप्रिलला झाली.

तारीख पारखायचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे वार, कारण पोपने दिवस गाळले तरी वारांची मालिका मोडली नाही. पुण्यातला त्याचा दाखला डोळ्यांसमोर उभा आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. या तारखा ज्युलियन धरल्या तर दोन्ही दिवशी शनिवार येतो, ग्रेगोरियन धरल्या तर एकाही दिवशी येत नाही.

१७५२ नंतरच्या घटनांना ही अडचण नाही, पण तिथे लोकसमजूत वेगळा घोटाळा करते. सदाशिव पेठ ज्यांच्या नावाने वसली ते सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले, आणि आज मकरसंक्रांत बहुधा १४ जानेवारीलाच येत असल्याने पानिपत संक्रांतीच्या दिवशी झाले असे सर्रास लिहिले जाते. पंचांगातले नाक्षत्र सौरवर्ष ग्रेगोरियन वर्षापेक्षा थोडे मोठे असल्याने संक्रांतीची तारीख हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा, आणि ती १२ जानेवारीला होती. १७६१ मध्ये ती त्याहूनही अलीकडे, म्हणजे लढाईच्या तीन-चार दिवस आधीच, होऊन गेली होती. ज्या दिवशी युद्ध झाले त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, आणि पंचांगाच्या दृष्टीने स्मरणाची खूण तीच.

तिथी पाळावी की तारीख, हा वाद आज शिवजयंतीला आणि रायगडावरच्या राज्याभिषेकदिनाला दरवर्षी निघतो. दोन्ही पक्षांचे सोहळे होतात आणि त्यात वावगे काही नाही. आक्षेप घ्यायचा तर तो जुन्या गणनेची तारीख नव्या दिनदर्शिकेवर जशीच्या तशी डकवून तिलाच शास्त्रशुद्ध म्हणण्याला घेता येईल. शिवजन्माला २०३० मध्ये ४०० वर्षे होतील. ग्रेगोरियन गणनेत ४०० वर्षांचे दिवस १,४६,०९७ भरतात आणि त्यांना सातने निःशेष भाग जातो, म्हणून ४०० वर्षांनी त्याच तारखेला तोच वार येतो. महाराजांचा जन्म या गणनेने १ मार्च १६३० चा, शुक्रवारचा. १ मार्च २०३० लाही शुक्रवारच आहे. अधिकृत जयंती त्याआधी दहा दिवस, मंगळवारी १९ फेब्रुवारीला साजरी होईल, आणि फाल्गुन वद्य तृतीया होळीनंतर, मार्चच्या उत्तरार्धात येईल.